दहा फेऱ्यांची बेरीज

प्रिय संहिता,

सोबतच्या डब्यात काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असे एक यंत्र आहे. ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्याला फेरीची वेळ आणि वेगाची नोंद ठेवण्यासाठी हे पुरेसे आहे, याहून महाग घेणे अनावश्यक आहे, एवढेच मला या पत्रात सिद्ध करायचे आहे. तू ते शेवटपर्यंत वाचशील असे गृहीत धरतो. दोन वर्षे तू या घरी पाऊल टाकलेले नाहीस, तेव्हा हे गृहीतक धाडसाचे आहे, याची मला कल्पना आहे.

मूळ वाद आधी मांडतो. त्या वर्षी आयुधपूजेला गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, चाकांखाली लिंबे ठेवली होती आणि त्यांवरून गाडी काढण्याचा मान तुझा होता. आदल्या रविवारी तू आणि रविकिरण कोईमतूरच्या ट्रॅकवर एकाच गाडीतून दहा दहा फेऱ्या मारून आला होतात. दर फेरीमागे आपण धाकट्या भावापेक्षा सरासरी सहा दशांश सेकंदाने पुढे होतो, असे तू सांगितलेस आणि नोंद असलेला जुना फोन पुढे केलास. हा फोन गाडीची जागा किती वेळा टिपतो, असे मी विचारले. सेकंदाला एकदा, तू म्हणालीस. मग एका फेरीत अर्ध्या सेकंदाची चूक, दहा फेऱ्यांत दसपट, सबब दावा फेटाळला, असा निकाल मी दिला. छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाचा निकाल! पूजेला जमलेले सगळे हसले. ‘फोन तुमच्याकडेच राहू दे, अण्णा,’ एवढेच म्हणून तू मारतहळ्ळीच्या आपल्या खोलीवर निघून गेलीस. लिंबांवरून गाडी रविकिरणने काढली.

तू नवे यंत्र शोधते आहेस, हे गेल्या महिन्यात तुझ्या आईकडून कळले. ती रोज तुझ्याशी बोलते हे मला ठाऊक नाही, अशी तिची समजूत आहे. ती तशीच राहू दे. मी तीन पर्याय विचारात घेतले. पहिला, नुसता फोन. दुसरा, हे छोटे यंत्र: ते उपग्रहांकडून गाडीची जागा सेकंदाला दहा वेळा टिपते आणि फोनला कळवते. तिसरा, स्वतःचा पडदा असलेले, सेकंदाला पंचवीस वेळा टिपणारे महागडे यंत्र. ते रविकिरणने बेळ्ळंदूरच्या ऑफिसातल्या एका मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणले. ताशी शंभरच्या वेगाने गाडी एका सेकंदात अठ्ठावीस मीटर जाते. म्हणजे फोनच्या दोन नोंदींच्या मध्ये आपले अख्खे घर अंगणासकट मावेल. या यंत्राच्या दोन नोंदींच्या मध्ये तीन मीटरसुद्धा नाहीत.

परंतु कागदावरच्या गणिताने एकदा माझी फजिती झालेली असल्यामुळे (ती कोणती, ते पुढे येईल) मी प्रयोग केला. देवनहळ्ळीपलीकडे प्लॉट पाडलेल्या एका नव्या लेआउटमध्ये रस्ते झाले आहेत, घरे अजून नाहीत. मालकाची परवानगी काढली आणि आपल्या गाड्या सांभाळणाऱ्या मेकॅनिक शिवाप्पाला बरोबर घेतले. त्याने रस्त्यावर चुन्याची रेघ मारली आणि तिच्याशी उभे राहून गाडीचे प्रत्येक येणे व्हिडिओत टिपले. तो व्हिडिओ हेच आमचे प्रमाण. तिन्ही यंत्रे गाडीत, चालक मी, वय चौऱ्याहत्तर. जरा सावकाश घ्या म्हणून दर वळणाला शिवाप्पा ओरडे, ‘सर, स्वल्प निधान!’ आणि मी, सांगायला संकोच वाटतो, दर वळणाला थोडा अधिक वेग धरी. बारा फेऱ्या झाल्या. छोटे यंत्र व्हिडिओपासून कुठेच एक दशांश सेकंदाहून अधिक ढळले नाही. महागडे त्याहून काटेकोर निघाले. पण त्या जादा काटेकोरपणाने तुझ्या एकाही निर्णयात फरक पडणार नाही. उणिवाही सांगतो: याला पडदा नाही, माथ्यावर मोकळे आकाश लागते, आणि ब्रेक किती दाबला हे ते सांगत नाही. पण वेग कुठे उतरला हे सांगते. उरलेले तुझ्या पायाला माहीत आहे. सिद्ध करायचे होते ते येथे सिद्ध झाले.

पत्र येथेच संपायला हवे होते. पण शिवाप्पाला गॅरेजच्या सवयीने प्रत्येक रकान्याखाली बेरीज मांडल्याशिवाय राहवत नाही. नुसत्या फोनच्या फेऱ्या वेड्यावाकड्या होत्या, एक जास्त, तर पुढची कमी. बेरीज मात्र व्हिडिओच्या बेरजेपासून अर्धा सेकंदही दूर नव्हती. ‘टोटल सरी, बरोबर आहे की सर!’ तो म्हणाला, आणि मी चुन्याच्या रेघेवरच बसलो. एका फेरीचा शेवट म्हणजेच पुढच्या फेरीचा आरंभ. तेथे एका फेरीत वाढलेली चूक दुसरीत तेवढीच कमी होते, आणि अखेरीस फक्त पहिल्या आणि शेवटच्या टोकाची उरते. घरी येऊन कपाटातला तुझा फोन चार्जिंगला लावला. तुझ्या दहा फेऱ्या, त्याच्या दहा फेऱ्या. दोन्ही टोकांना पुरता अर्धा सेकंद तुझ्याविरुद्ध धरला, दोन्ही नोंदींत धरला, तरी फेरीमागे दोन दशांशच गेले. चार दशांश निर्विवाद तुझे उरले. तू जिंकली होतीस, संहिता! मी टाळी वाजवली, तेव्हा तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली. रविकिरणला फोन केला, तर तो हसत म्हणाला, ‘अक्का पुढे होती हे मला गाडीतच कळलं होतं, अण्णा. पण तुमच्याशी वाद कोण घालणार?’

यंत्र हे निमित्त होते. ज्या माणसांसमोर निकाल दिला, त्या सर्वांना यंदा आयुधपूजेला बोलावले आहे. दोन्ही बेरजा त्यांच्यासमोर मी स्वतः वाचणार आहे. लिंबे ठेवलेली असतील. गाडी तू काढायची आहे. तू येईपर्यंत ती जागची हलणार नाही.

कबुली: जेथे भागायचे होते, तेथे मी गुणले, आणि त्या गुणाकाराच्या जोरावर माझ्या मुलीला सर्वांदेखत खोटे ठरवले. चूक माझी.

तुझाच,
अण्णा
(नरसिंह)