औषधाच्या दुकानावरचे सात ज्ञानी

प्रिय दादास, सप्रेम सलाम.

तुझा गुडघा आणि वहिनींचा दमा या थंडीत कसा आहे ते कळव. गेल्या नाताळात तू पाठवलेलं ‘सुट्टीच्या शुभेच्छा’ छापलेलं कार्ड मी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं, तेव्हापासून अकरा महिने नऊ दिवस तुझं पत्र नाही. (पत्ता बरोबर होता, मी पडताळला आहे.)

माझं मत बदललेलं नाही. सुट्टी दर रविवारी असते. तारणारा दर रविवारी जन्मत नाही. नाक्यावरच्या औषधवाल्यालाही मी हेच सुनावलं. त्याला दुकानाच्या काचेवर नेमकं तुझ्या कार्डातलंच वाक्य रंगवून हवं होतं. म्हणे, गिऱ्हाइकं सगळ्या धर्मांची. आता, मी चित्रकलेच्या शाळेची पायरी चढलेलो नाही, पण सत्तावीस वर्षं पाट्या रंगवतो आहे, कोणी काय लिहावं हे मला कळतं. रविवारी (उपासनेनंतर) बंद दुकानाची किल्ली रंगकामासाठी माझ्याकडे होती. मी आतल्या बाजूने अख्ख्या काचेवर ख्रिस्तजन्माचा गोठा रंगवला, दारासकट. बाळ येशूच्या दर्शनाला ज्ञानी लोक तीनच आले असं शास्त्रात कुठेही नाही, म्हणून सात काढले. मागे गडद निळी रात्र, रंगाचे दोन हात देऊन.

सोमवारी संध्याकाळी समोरच्या फुटपाथवरून मी ते न्याहाळत होतो. तान्हं बाळ घेतलेली एक बाई काचेपुढे थांबली, पार नाक टेकवून बघू लागली. दादा, मला भरून आलं. जवळ जाऊन म्हटलं, “सावकाश बघा, सात आहेत.”

ती म्हणाली, “अहो काका, बाळाला ताप आहे. दुकान बंद झालं का?”

माझ्या रात्रीतून आतला दिवा दिसतच नव्हता. मीच तिला दार उघडून आत नेलं. औषधवाल्याने आधी तिच्या हातात औषधाची बाटली दिली. मग हळूच म्हणाला, “पेंटरसाहेब, हिच्याआधी किती जण परत गेले असतील?”

मी तिथल्या तिथे पात्याने चार ज्ञानी आणि जवळजवळ सगळी रात्र खरवडून काढली. खाली त्याला हवं ते वाक्य लिहिलं. (अक्षरं एका रेषेत आहेत.)

तुझा धाकटा भाऊ

ता. क. हे माफीपत्र समजू नये.

ता. क. २. नाताळला दोघं जेवायला या. दारात काय म्हणायचं ते तू ठरव, मी दुरुस्त करणार नाही. पानं साडेबाराला मांडू. साडेबारा म्हणजे साडेबारा; पण तुला उशीर झाला तर मी थांबेन.