मागच्या सीटवरचा तांब्या

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
दसरा उलटल्यावरचा रविवार

चिरंजीव अमेय यास केशवकाकाचे पोटभर आशीर्वाद.

तिकडं बंगळुरात तुझी आणि नीरजाची तब्येत उत्तम असणारच (तिथली हवा चांगली, हे तू दर फोनला सांगतोस). इकडंही सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे. ती पाळली, आता पुढं जातो. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो आणि दादा डोळे मिटून सगळं ऐकतो. तुझा बाप झोपलाय असं समजून मी एकदा डॉक्टरांशी मोकळेपणानं बोललो. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "केशव, कण्यात पसरलंय ते मला माहीत होतं. तू एवढ्या मोठ्यानं बोलू नको, तुझं बीपी वाढतं."

घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले होते, आता त्यांना आवडेल ते करू द्या. आम्हाला वाटलं, श्रीखंड वगैरे मागेल. त्यानं मागितलं भलतंच: आपल्या ॲम्बेसेडरमध्ये मागं बसून दौलताबादच्या घाटात जायचं, कडेला गाडी थांबवायची आणि गाडीतच बसून सीताफळ खायचं. (गाडी त्याची, चालवणारा मी आणि मागं त्याच्या शेजारी तू, ही आपली जुनी वाटणी. दर वळणाला तू मुद्दाम त्याच्या अंगावर कोसळायचास.) निघालो. पडेगावसुद्धा गाठलं नाही. पहिल्याच स्पीड ब्रेकरवर मागून धाडकन आवाज आला आणि पाठोपाठ दादा ओरडला. दाढ काढताना ज्यानं हूं की चूं केलं नाही, तो माणूस ओरडला. मी गाडी वळवली. व्हिडिओवर तू म्हणालास, काका, कॅब करा ना. अरे बाबा, हल्लीच्या गाडीत शिरायला अंगाची घडी घालावी लागते, आणि दादाची घडी आता होत नाही.

म्हणून गाडी मुकुंदवाडीला सर्जेरावच्या गॅरेजात नेली. त्याला जुन्या गाड्यांचा भारी शौक आणि बोलण्याचा त्याहून भारी. त्यानं डिकीवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबली आणि सोडली. निरोगी गाडी म्हणे एकदा वर येऊन थांबते. आपली बराच वेळ होय-होय करत मान हलवत राहिली. मग चहावाल्यानं दाबून बघितलं, पंक्चरवाल्यानं दाबलं, रिक्षाची वाट बघणाऱ्या एका बाईंनीही हात धुऊन घेतले. सगळ्यांचं निदान एकच. "काका, शॉकअप तेल गाळायलेत, मागचा पाटा तडकलाय, अन् बुशात तर रबरच राहिलं नाय. लई सोसलं बिचारीनं." पाटा म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग आणि बुश म्हणजे तिच्या टोकाशी धक्का गिळणारं रबर. ते त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं, तर शिळ्या भाकरीसारखं चुरलं. डॉक्टरांनी दादाचा एक्स-रे दाखवून सांगितलं ते आणि हे फारसं वेगळं नव्हतं. फक्त इथं सुटे भाग मिळत होते.

ते भाग आले नेमके खंडेनवमीला. गाडी चाकं काढून ठोकळ्यांवर चढवलेली, गॅरेजात हत्यारांची पूजा आणि ती सांगायला आयता मी. (आपल्या घराण्यातली भिक्षुकी आजोबांबरोबर संपली, पण कुणी 'काका, तुम्हीच सांगा' म्हटलं की माझ्या अंगात येतं.) पाने, पकडी, जॅक मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. तिथं थांबावं की नाही? वर प्रवचन दिलं, की उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावाल तर देवी कोपेल. सर्जेरावनं कान धरले. तेवढ्यात तुझ्या आईचा फोन आला: आज यांना बरं वाटतंय, उठून बसलेत, दाढी केलीय, शर्ट चढवलाय, गाडी घेऊन या.

अमेय, सर्जेरावचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले मी. चाकं बसव, पाप माझं, म्हणालो. तर तो म्हणतो, "असं कसं काका? आत्ता तुम्हीच सांगितलं ना? देवीला काय तोंड दाखवू?" शेवटी मी स्वतः झेंडूखालचा पाना उचलून गाडीखाली शिरलो आणि कुठला बोल्ट कशाचा ते न कळून तसाच पडून राहिलो. दादा शर्ट घालून संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसला होता. मग दुखणं परत आलं. एक बरा दिवस आला होता, तो मी पकडीला फुलं वाहण्यात घालवला. फार वाईट वाटतं रे.

असो. दसऱ्यानंतर पाटे, बुश, शॉकअप सगळं नवं बसलं. दादाला बसवण्याआधी मी मागच्या सीटवर पाणी भरलेला तांब्या ठेवला आणि पडेगावपर्यंत जाऊन आलो. एकाही खड्ड्यात थेंब सांडला नाही. शेजारी बसलेला सर्जेराव स्वतःचीच पाठ थोपटत होता. तेव्हा आता काळजीचं कारण उरलेलं नाही. रजेसाठी कुणाची मनधरणी करू नकोस, आपलं काम सांभाळ. नीरजाला आशीर्वाद सांग आणि जेवणाच्या वेळा पाळ.

तुझा
केशवकाका

ता. क. खड्ड्यात सांडला नाही हे खरं, पण वळणावर तांब्या आडवा झाला आणि सगळी सीट भिजली. दादालाही आता तोल धरवत नाही. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर, तुझ्या आईच्या मनगटात तेवढा जोर नाही आणि घाटात तर वळणंच वळणं. त्याला धरून बसायला कुणीतरी हवं. सीताफळं संपत आलीत. तू ये.

आणखी एक. मी तुला लिहितोय हे दादाला माहीत नाही. पोराला त्रास देऊ नको, असं त्यानं बजावलंय. काल तुझ्या आईनं गाडीत त्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना उशा लावून बघितल्या. तो घराच्या खिडकीतून बघत होता. म्हणाला, "उजवीकडची काढ. तिथं अमेय बसतो."