एल्विनच्या सुबुद्धीसाठी माझा उपवासकाळ

५ मार्च, राखेचा बुधवार. सकाळी ७.४०

कपाळावर राख घेऊन आलो. फादर जेरोमनी इतरांना चिमूटभर लावली, मला जरा जास्त. काहीतरी ओळखलं असावं.

ह्या वर्षीचे संकल्प. ईस्टरपर्यंत दारू बंद. रोज संध्याकाळी साडेसातला गुडघ्यांवर रोझरीची माळ. रागावणं बंद. शिवाय नम्रता, पण तिच्यासाठी वेगळी मेहनत पडणार नाही. ओरोसला सरकारी ऑफिसात जन्म गेला, कधी मिरवलो नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, मीच सांगितलंय.

सगळं एल्विनसाठी. नाताळात जेवता जेवता म्हणाला, पपा, मी आता प्रार्थना करणंय नाय. आम्हा लोबोंच्या घरात असं कोणी बोललं नव्हतं. पुण्याची हवा, दुसरं काय! तेव्हापासून झोप नीट नाही. एकुलता एक मुलगा देवाला सोडून गेला तर मी वर जाऊन माझ्या बापाला काय सांगू?

तर, ईस्टरला एल्विन चर्चमध्ये माझ्या शेजारी पाहिजे. देवाला तारीख दिलेली बरी, नाहीतर काम पेंडिंग राहतं.

७ मार्च, शुक्रवार

मटण वर्ज्य. सुरमई तळलेली, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. लुर्दिन म्हणाली, ह्याका उपास म्हणतत? बायकोला नियम समजावून सांगितला. नियम मटणाचा आहे. सुरमई खाल्ली, पण आनंद न मानता.

रोझरी अर्ध्यावर असताना गुडघा भरून आला. उरलेली उभ्याने. तेवढ्यात एल्विनचा फोन. कट केला. देवाशी बोलताना फोन घ्यायचा नाही म्हणजे नाही.

१२ मार्च

आजपासून रोझरी खुर्चीत. देव गुडघे बघत नाही, मन बघतो.

एल्विनचा फोन पुन्हा बरोबर साडेसातला. सैतान किती हुशार बघा, पोराच्याच हातून अडथळा आणतो. मी कट केला, तर त्याने आईला लावला. लुर्दिन फोन घेऊन परसात गेली. आली तेव्हा डोळे लाल. एल्विनला समजवायला मी दिलेले मुद्दे तिला नीट मांडता आले नसणार. म्हणाली, एकदा तुमी बोला त्याच्याशी. म्हटलं, मी वरच्या लेव्हलला बोलतोय.

१६ मार्च, रविवार

चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेनंतर फादर जेरोमना भेटलो. भला माणूस, पण वय कमी. म्हणाले, दार लावून एकट्याने बसा, थोड्या शब्दांत मागा, आणि मुलाला एकदा विचारा काय झालंय. काय झालंय ते मला ठाऊक आहे. मोबाइल झालाय. पण फादरना वाईट वाटू नये म्हणून मान हलवली.

थोड्या शब्दांत कसं भागेल? केस सिरियस आहे. नाक्यावरच्या क्रूसाकडे लादीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, ठेवायची ठरवली. सगळा वाडा, आमची अख्खी वस्ती, एकसुरात गाईल, वर मी स्वतः एल्विनचं नाव घेऊन मागणं मागेन. लुर्दिन म्हणाली, नाव घेव नकात. नाव घेतल्याशिवाय देवाला कळणार कसं कुठला एल्विन?

१९ मार्च, सेंट जोसेफचा सण

सणाला उपवास शिथिल असतो, हे चर्चचंच म्हणणं. दोन पेग. सेंट जोसेफ हे बापांचे संत, आणि मी बाप. म्हणून तिसरा. उद्यापासून कडक.

२५ मार्च

आज आणखी एक सण निघाला. कॅलेंडर बघितलं ते बरं झालं.

२९ मार्च, शनिवार

लादीन झाली. क्रूसाला झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, मागे उकडलेल्या चण्यांचा टोप. वाड्यावरचे सगळे आले, शेजारचा सत्यवानही आला. त्याच्या घराकडे देवळातलं गाऱ्हाणं घालायचा मान आहे. क्रूसालाही तो दरवर्षी मेणबत्ती लावतो, माणूस सरळ.

गाणं संपलं. मी पुढे झालो. रात्रभर मराठीत पाठ केलेलं ऐनवेळी सगळं विसरलो आणि तोंडातून आलं ते असं: ‘हे देवा, आज तुझी लेकरां हंयसर जमली आसत. माझो झील एल्विन पास्कू लोबो, पुण्याक आसा. त्याची बुद्धी फिरली आसात, वाट चुकली आसात, तर ती तू सारखी कर...’

आणि मागून सत्यवान खणखणीत आवाजात, ‘व्हय म्हाराजा!’

सवयीने बोलला बिचारा, देवळात गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला असंच म्हणतात. पण मी थांबलो नाही, आणि पुढच्या वाक्याला सगळा वाडा त्याच्या सुरात. तेरेझा आजी तर हात जोडून सगळ्यांत मोठ्याने. फादर जेरोम चण्यांच्या टोपाकडे बघत होते, खांदे हलत होते. भावनेने असावेत.

खरं तर मला फार बरं वाटलं. इतक्या लोकांनी माझ्या मुलासाठी हो म्हटलं. सत्यवानला एक घोट देणं भाग होतं, आणि एकट्याला कसं द्यायचं?

६ एप्रिल, रविवार

लादीनीचा व्हिडिओ कोणीतरी ग्रुपवर टाकला. वेंगुर्ल्यापासून मुंबईपर्यंत फिरला म्हणे. लोक हसण्याच्या खुणा पाठवतायत. पण एल्विनने बघितला आणि आईला कळवलं, गुड फ्रायडेला येतंय.

प्रार्थना फळली! फादरना सांगितलं, बघा, थोड्या शब्दांत झालं असतं का? लुर्दिनने डोळे पुसले. आनंदाने असेल.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

एल्विन येतोय हे सगळ्यांना सांगून झालं. चर्चमध्ये पुढून दुसरा बाक सांगून ठेवला. नम्रतेने तिसरा घेणार होतो, पण तिथून तो लोकांना दिसणार नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आला. फार बारीक झालाय. दाढी वाढलेली, नीट जेवला नाही. रात्री ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसला, काहीतरी बोलायचं होतं बहुतेक. मी त्याला उद्याचा कार्यक्रम समजावला, कुठे बसायचं, कधी उठायचं. थोड्या वेळाने उठून गेला. दमला असेल.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे. संध्याकाळी

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

क्रूसाच्या पाया पडायची रांग लागली. एल्विन बाकावर बसूनच. मी खुणावलं. उठेना. सगळं चर्च बघतंय. दंडाला धरून उभा केला आणि रांगेत पुढे ढकलला. तो क्रूसापाशी गेला, गुडघे टेकले. लोक वाकून क्रूसावरच्या येशूच्या पायांचं चुंबन घेतात आणि उठतात. हा वाकेना, उठेना. मागे रांग तुंबली. मग एकदम उठला आणि कोणाकडे न बघता बाहेर निघून गेला.

घरी येऊन मी रागावलो. संकल्प होता, पण रागावलो. लोकांसमोर माझं नाक कापलंस म्हणालो, वाड्यावर तोंड कसं दाखवू म्हणालो. तो सगळं ऐकून घेत होता. मग अगदी हळू म्हणाला:

‘पपा, यज्ञेश आयसीयूत होतो तेव्हा मी रातभर भायर बसान रोझरी करत होतंय. सकाळी तो गेलो. तेव्हापासून माका एक शब्द म्हणूक येणा नाय. आजय तेच मागत होतंय, माका परत म्हणूक येव दे.’

मी विचारलं, ‘कोण यज्ञेश?’

तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

१९ एप्रिल, शनिवार

एल्विन सकाळच्या एसटीने गेला. आईच्या गळ्यात पडला. मला म्हणाला, गुडघ्याची काळजी घी.

यज्ञेश कोण ते लुर्दिनने सांगितलं. पुण्याला एल्विनचा रूममेट, कॉलेजपासूनचा. गेल्या मे महिन्यात आपल्याकडे येऊन राहिला होता. मी त्याला आंबे उतरवायला लावले होते. नोव्हेंबरमध्ये बाइकवरून पडला. फादर जेरोमना ठाऊक होतं. सत्यवानलासुद्धा ठाऊक होतं. म्हटलं, मला कोणी का नाही सांगितलं? ती म्हणाली, तो तुमकाच सांगूक फोन करी होतो.

मनापासून मागितलं तर देव नाही म्हणत नाही, हे एल्विनला लहानपणी मी शिकवलंय. रात्रभर त्या पोराने माझ्यावर विश्वास ठेवून मागितलं असणार. मला लाज वाटते.

२० एप्रिल, ईस्टर. संध्याकाळी

मिसाला मागच्या बाकावर बसलो. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

साडेसातला लुर्दिन समोर येऊन बसली, मी सुरुवात करीन म्हणून. नेहमी मीच पुढे म्हणतो, ती मागून. खुर्ची सरकवून खाली बसलो. तोंड उघडलं. एल्विनसाठी काय मागायचं? यज्ञेशसाठी काय? इतके दिवस एवढं बोललो आणि आज पहिला शब्द येईना. शेवटी तिनेच सुरू केलं, अगदी हळू, शेजारी ऐकू जाणार नाही इतकं. मी नुसतं मागून आमेन म्हणत होतो. तेही दोनदा मध्येच म्हणालो. तिने दुरुस्त केलं नाही.