एकतारी पाणी

५ डिसेंबर
मोनाली, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. देवळीच्या बसस्टँडवर तू वही दिलीस त्याला आज नऊ दिवस झाले. माझी शाळा चौथीपर्यंतची, आणि चष्म्याची काडीही मोडली आहे. तीन महिन्यांनी तुझं बाळंतपण झालं की ही वही तुझ्याच हाती देईन.

काम चांगलं आहे. पिपरी मेघेतला हा बाळांचा दवाखाना. वेळेआधी जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत असतात, एकेक माझ्या पंजाएवढं. जे थोडं सावरतं, त्याला कांता सिस्टर मऊ कापडात गुंडाळून कोमट पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत सोडतात. बाळाला आईच्या पोटात असल्यासारखं वाटतं म्हणे. रडणारं बाळ मुठी सोडतं आणि झोपतं. ते पाणी तयार करणं माझ्याकडे. तापमापी बुडवायची, अडतीसचा आकडा आला की रजिस्टरात लिहायचा. मी टबावरून हलत नाही म्हणून सिस्टर चिडवतात, "चिंधूकाका, जिलेबी तळून राह्यले का?"

८ डिसेंबर
पुलगावात पस्तीस वर्षं कढईवर काढली, ती सवय जात नाही. पाकाची तार मी दोन बोटांत धरून पाहायचो, उकळता असला तरी. इथंही आधी बोटं बुडवतो. आज म्हणालो छत्तीस, तापमापी म्हणाली एक्केचाळीस. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, काका, तुमचे हात मेले आहेत, त्यांच्यावर जाऊ नका. मला ते लागलं.

बाळाचं पाणी गटारात टाकू नये असं माझी माय म्हणायची. मी मागच्या कडुनिंबाला घालतो.

११ डिसेंबर
थंडी वाढली. पाणी लगेच निवतं. सेलूकडची आकांक्षा नावाची पोरगी आहे, तिची मुलगी आता टबात जाणार. आकांक्षाची आजी आनंदाबाई दिवसभर दाराशी बसते. मला म्हणाली, "बुवा, माह्या पणतीले राणीसारखं न्हाऊ घालजो बरं. नाई तं तुह्या मिशीले आग लावीन." दोघंही हसलो.

१४ डिसेंबर
सकाळी तापमापीचा आकडा उठेना. सेल संपला असावा. सांगायला हवं होतं. म्हाताऱ्यानं मोडली म्हणतील, घरी पाठवतील, या भीतीनं बोललो नाही. बोटं बुडवली. पाणी निवलेलं वाटलं. गिझरचा एक मग आणखी ओतला. सिस्टरच्या हातांत दुहेरी मोजे, त्यात शेजारच्या पेटीची घंटी वाजत होती. त्यांनी विचारलं, पाहिलं ना काका? मी म्हणालो, हो, अडतीस.

आकांक्षाची पोर रडली नाही. नुसत्या मुठी उघडल्या.

१६ डिसेंबर
पोर गेली.

रजिस्टरात माझ्या अक्षरात अडतीस आहे. म्हणून दोष कांता सिस्टरवर गेला, त्यांनी बाळाला जास्त वेळ ठेवलं असेल असं ठरलं. त्यांना काढलं. जाताना त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी चपला पाहत होतो.

आनंदाबाई रडली नाही. कडुनिंबाखाली बसली आहे. मी जवळून गेलो तर हळूच म्हणाली, "पाणी ज्यानं पाह्यलं, त्याच्या घरी बी पाळणा हालन ना? हालू दे. तवा पाहीन."
तिला कोणी सांगितलं?

१८ डिसेंबर
कडुनिंबाची एक बाजू करपली. मी पाणी घालतो तीच. पानं उकडलेल्या भाजीसारखी लोंबतात. आनंदाबाई त्याच बाजूला बसते. घरी जात नाही, खात नाही.

१९ डिसेंबर
नवी तापमापी आली. अडतीस दाखवते. तरी सवयीनं बोटं बुडवली, वर काढली, फाकवली. दोन बोटांत तार आली. पाण्याची. पाकासारखी, एकतारी. तुटली तेव्हा बारीक आवाज झाला, बाळ उचकी देतं तसा.

२० डिसेंबर
माठातल्या गार पाण्यानं हात धुतले. रुमालाला कातडी लागून आली. दुखत काहीच नाही. दुखायला हवं होतं.

डॉक्टरांकडे गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलो. तोंड उघडलं तर एकच शब्द निघाला, अडतीस. पुन्हा अडतीस. त्यांनी पट्टी बांधली आणि आराम करायला सांगितलं.

वहीत लिहिता येतं. बोलता येत नाही.

२१ डिसेंबर
दोनतारी. आज तार तुटली नाही. तिनं बोट धरलं. पाच बारीक बोटं — नखं अजून मऊ —

कोरडा करून ठेवलेला टब परत भरलेला असतो.

२२ डिसेंबर, सकाळ
जावई अश्विनचा फोन आला. तुझ्या पोटात पहाटेपासून कळा. सातवाच महिना. देवळीच्या डॉक्टरनं इथंच आणायला सांगितलं — याच दवाखान्यात. मी ओरडून सांगितलं, दुसरीकडे न्या. जावई म्हणतो, मामा, अडतीस काय?

२२ डिसेंबर, दुपार
फोनमधून पाणी गळतं. तुझा नंबर लागत नाही.

टब भरला आहे. मी भरला नाही. गिझर बंद, तरी वाफ. आनंदाबाई झाडाखाली नाही. टबाजवळ बसली आहे, बाही वर सारून — प्रेमानं म्हणते, ये बुवा, तूच पाह्य, तुह्याच बोटानं —

मोनाली, त्या पोरीला मी मारलं. कांता सिस्टरचा दोष नाही. हे पान फाडून फाटकावर प्रफुल वॉचमनकडे देतो, तो गाडी आत सोडण्याआधी तुला देईल. आत येऊ नकोस. बाळाला पाण्यात सोडायला हो म्हणू नकोस, मी समोर असलो तरी, मी अडतीस म्हणालो तरी —

पट्टी सुटली. बोटं आपोआप टबाकडे —

फाटक वाजलं. पान अजून वहीतच आहे. तूच का? कुठवर आलात, लवकर निरोप धाड, पोरी, लवकर —