पाणी कसं कमी झालं

खाबुरा, ओमान
३ ऑगस्ट २०१४

ती. गंगूवहिनींना दयानंदचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. अक्षर नातीचं, उर्वीचं; बोलणं तुमचं. आठवीत तिचा दुसरा नंबर आला हे वाचून बरं वाटलं. फोनवर तुम्हाला आता ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच ठीक. आमच्या गॅरेजमधला साकिब सुटीवर रत्नागिरीला चाललाय. तो हे मुंबईत पोस्टात टाकेल.

इथे हवा ओली आहे. सकाळी सातलाच सदरा अंगाला चिकटतो. खजूर उतरवून झाला. अर्बाबनी, म्हणजे आमच्या मालकांनी, प्रत्येकाला एक पेटी दिली. मला गोड चालत नाही, म्हणून माझी पेटी ओवेसकडे गेली. ओवेस म्हणजे गॅरेजचा फोरमन. रत्नागिरीकडचा, वेल्डिंगचा हात चांगला. बायको आमिना आणि मुलगी महेक इथेच असतात. मला चाचा म्हणतो.

एक बातमी आहे. ती लिहायची की नाही, याचा दोन दिवस विचार केला.

अर्बाबच्या बागेतल्या म्युझियमबद्दल मी मागे लिहिलं होतं. पत्र्याच्या शेडखाली जुन्या जीपगाड्या, एक होडी, दोन तोफा आणि सगळ्यात शेवटी आपल्या साखर कारखान्याचं, उसाचे डबे ओढणारं तीन नंबरचं इंजिन. या देशात रेल्वे कधी नव्हतीच. मुलं येतात, चाकाला हात लावून बघतात. कारखान्याने इंजिन विकलं तेव्हा ते जोडायला माणूस हवा होता, म्हणून त्याच्याबरोबर मी आलो. सहा वर्षं झाली. मी त्याचं पितळ घासतो. निघताना तुम्हाला सांगायला आलो होतो. तुम्ही एकच विचारलंत, "भाऊजी, तेच का?" मी हो म्हटलं. तुम्ही आत गेलात आणि चहा घेऊन आलात.

आता अर्बाबना ते चालवायचं आहे. अठरा नोव्हेंबरला इथला राष्ट्रीय दिवस असतो. त्या दिवशी बागेभोवती रूळ टाकून दोन डब्यांत शाळेची मुलं फिरवायची. सरकारची रेल्वे येईल तेव्हा येईल, पहिली शिट्टी माझ्या बागेत वाजेल, असं ते म्हणतात.

मला शेडमध्ये बोलावलं. "दयानंद, चलेगा?"

"देखना पडेगा, अर्बाब."

"देखो. तुम बोलेगा चलेगा, तो चलेगा. तुम बोलेगा नहीं, तो खलास."

मी नाही म्हणालो नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही दरवर्षीचंच विचारलं आहे. त्या दिवशी इंजिनात पाणी कसं कमी झालं. त्याचं उत्तर सवडीने लिहीन. पत्रं उर्वी वाचून दाखवते. तिने वाचावं असं ते नाही.

तब्येतीला जपा.

आपला,
दयानंद


खाबुरा
२१ सप्टेंबर २०१४

ती. गंगूवहिनींना नमस्कार. उर्वीला आशीर्वाद.

मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करणार हे कळलं. पुढे ढकलू नका.

इथे काम जोरात आहे. सहाशे मीटर रूळ पडले. डब्यांना हिरवा रंग दिला. राजधानीतल्या रुवीहून बॉयलर तपासणारे एक साहेब आले होते, मंगलोरकडचे, सभ्य माणूस. त्यांनी पत्र्याची जाडी मोजली. मग आम्ही बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरला आणि पंपाने दाब चढवला. काटा चढला तो तासभर तिथेच राहिला. एक थेंब गळला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओवेसने मला मिठी मारली.

इंजिनाबरोबर आलेल्या पेटीत कारखान्याचं जुनं रजिस्टर होतं. साहेबांना मराठी येत नाही. त्यांनी अठ्ठ्याऐंशी सालचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. "पढो." मी वाचून दाखवलं. फायरबॉक्सचं छत आतून पाहिलं. दोष नाही. इंजिन कामाला देण्यास हरकत नाही.

"साइन किसका है?"

"मेरा."

"तो फिर चिंता किस बात की?" असं म्हणून ते हसले आणि त्यांनी त्यांच्या कागदावर सही केली.

त्याच संध्याकाळी मी अर्बाबकडे गेलो. म्हटलं, इंजिन उभंच राहू द्या. लोक उभं इंजिन बघायलाही येतातच. वाफेचा भरवसा धरू नये. त्यांनी विचारलं, खराबी कुठे आहे? मी म्हटलं, जुनं आहे. ते म्हणाले, "तुम भी पुराना है. चलता है ना?" बसलेले सगळे हसले. पहिल्या दिवशी माझ्या शब्दाला किंमत होती. आता तो शब्द कागदाच्या खाली गेला आहे.

ओवेस म्हणाला, "चाचा, उभं इंजिन म्हणजे भुसा भरलेला वाघ."

"भुसा भरलेलाच बरा," मी म्हटलं. "तो कुणाला खात नाही."

"तुम्ही घाबरताव. इतकी वर्षं पितळेला ब्रासो लावून लावून तुमचा हात नरम झाला."

तो चेष्टा करतो, पण मनाने चांगला आहे. महेकचं नाव मुलांच्या यादीत पहिलं लिहून आला. यादीत बेचाळीस मुलं आहेत. त्यांच्या बाई, नसीबा मॅडम, रूळ बघायला आल्या होत्या. डब्याची पायरी लहान मुलांना उंच होईल म्हणाल्या. आम्ही पायरी चार बोटं खाली घेतली.

तुमच्या प्रश्नाचं या खेपेसही राहिलं.

आपला,
दयानंद


खाबुरा
१६ नोव्हेंबर २०१४, रविवार

गंगूवहिनी,

पाणी कमी झालं ते रामकृष्णने केलं नाही. तो झोपला नव्हता.

हे पहिल्या ओळीत लिहायला मला सव्वीस वर्षं लागली. आता बाकीचं लिहितो.

अठ्ठ्याऐंशीचा फेब्रुवारी तुम्हाला आठवत असेल. गळीत ऐन भरात होतं. फायरबॉक्स म्हणजे आगीची पेटी, तिच्या छतावर पाणी असतं. त्या छतात एक पितळी प्लग असतो, त्याच्या पोटात शिसं भरलेलं असतं. पाणी छताच्या खाली गेलं की शिसं वितळतं, त्या भोकातून वाफ आगीवर येते आणि फायरमनला कळतं. त्याला सावध करणारी तेवढी एकच वस्तू. तीन नंबरचा तो प्लग गळत होता. नवा येईना. तीन दिवस इंजिन उभं होतं, डब्यांत ऊस वाळत होता, आणि शेडमध्ये येऊन जो तो माझ्यावर ओरडत होता.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्या जागी अख्खा पितळी बोल्ट बसवला. त्यात शिसं नव्हतं. बॉयलरची धुलाईही राहिली होती. ती झाली असं लिहून सही केली. फायरमनच्या पाळीवर चढताना रामकृष्णने विचारलं, "प्लग बसला का?" मी म्हटलं, "बसला. एक फेरी काढ, काही होत नाही."

दुपारी दोनला झालं. बॉयलरच्या तळाचा गाळ पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत अडकला होता. आत पाणी नव्हतं आणि काचेत अर्धं दिसत होतं. रामकृष्ण काचेकडे बघत होता. त्याला जे दिसलं त्यावर त्याने विश्वास ठेवला. छत लाल होऊन खाली आलं. पुढचं तुम्ही पाहिलं आहे.

रामकृष्ण गेला त्या रात्री तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा मी शेडमध्ये होतो. तपासणी दुसऱ्या दिवशी होणार होती. मी बोल्ट काढला. भंगारात एक जुना प्लग होता, शिसं वितळून गेलेला. तो त्या जागी लावला. दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी तो पाहिला आणि ते म्हणाले, प्लगने आपलं काम केलं, फायरमनने लक्ष दिलं नाही. मी शेजारी उभा होतो. मान हलवली.

नंतर छत तापवून, खालून जॅक लावून, हातोड्याने ठोकून सरळ केलं. ठोकणाऱ्यांत मीही होतो. असा पत्रा बदलायचा असतो, ठोकायचा नसतो. रजिस्टरात लिहिलं, दोष नाही. ते दोन हंगाम कसंबसं चाललं, मग शेडच्या मागे पडून राहिलं.

त्या वाफेत ओमप्रकाश ड्रायव्हरचे डोळे गेले. त्याची बायको चाळीच्या नळावर तुम्हाला म्हणाली होती, तुझा माणूस झोपला आणि माझा आंधळा झाला. तेव्हा मी माझ्या दारात होतो. तुम्ही बादली तिथेच ठेवून घरी गेलात. बादली मी भरून आणून दिली. तुम्ही म्हणालात, भाऊजी, तुमच्यासारखा माणूस नाही.

आता इथलं.

सोमवारी इंजिन पेटवलं. थोडीच वाफ धरली होती. शिट्टी वाजली, गावातून माणसं धावत आली. अर्बाबचे डोळे भरून आले. मी फायरबॉक्सच्या दाराशी होतो. छतातून आवाज आला. टिक. थोड्या वेळाने परत टिक. बाहेर कुणाला ऐकू येण्यासारखा नव्हता. गार पाण्याला ते छत टिकलं होतं. आगीवर ते टिकणार नाही.

इंजिन निवल्यावर मी ओवेसला घेऊन आत शिरलो. म्युझियमसाठी आतून दिलेला काळा रंग माझाच होता. तो खरवडला. त्याच्याखाली हातोड्याचे ठसे होते, एकाला लागून एक. ओवेसने टॉर्च धरला, हात फिरवला.

"चाचा, हे कुणी केलं?"

"मी."

मी त्याला सगळं सांगितलं. तुम्हाला सांगण्याआधी त्याला सांगितलं, त्याची क्षमा मागतो.

आम्ही दोघं अर्बाबकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग रजिस्टर आणि रुवीच्या साहेबांचा कागद माझ्यापुढे ठेवला. "तब का दयानंद झूठ बोला, या आज का?" पाहुण्यांना निमंत्रणं गेली आहेत. शेवटी ते म्हणाले, बरं, अर्ध्या वाफेवर चालवू. हळू. एकच फेरी. इन्शाल्ला, काही होणार नाही.

बाहेर आल्यावर ओवेस म्हणाला, "चाचा, अर्ध्या वाफेवर एक फेरी. काही होत नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "महेकला ताप आलाय असं सांगेन."

"बाकी एक्केचाळीस?"

तो गॅरेजकडे निघून गेला. त्याला नोकरी आहे, घर आहे. मी त्याला काय बोलणार?

मला सुचलेलं पहिलं काम म्हणजे छताला एक भोक पाडायचं. पाव इंचाचा ड्रिल, पाच मिनिटं, मग वाफ धरणारच नाही. पण ओवेस ते दुपारपर्यंत वेल्डिंगने बुजवेल. आणि तेही मी गुपचूप केलेलं आणखी एक काम होईल.

अर्बाब कागदावर विश्वास ठेवतात. कारखान्याने ठेवला, रुवीच्या साहेबांनी ठेवला. म्हणून मी कागद लिहितो आहे. हेच सगळं, तारखेसकट, हिंदीत लिहून दोन प्रती केल्या आहेत. एक अर्बाबच्या टेबलावर ठेवीन. दुसरी घेऊन उद्या सकाळी सातला शाळेच्या फाटकाशी उभा राहीन. नसीबा मॅडम पायरी बघणाऱ्या बाई आहेत. त्या वाचतील असं वाटतं. त्यांनी मुलं पाठवली नाहीत तर अर्बाब इंजिन पेटवणार नाहीत. रिकामे डबे फिरवून दाखवण्यात त्यांना रस नाही.

त्या वाचतीलच असं नाही. परका माणूस, फाटकाशी, हातात कागद. आत बोलावतीलच असंही नाही. तसं झालं तर अठराला मी रुळावर उभा असेन. मला उचलून बाजूला करतील, तेवढा वेळ तरी जाईल.

माझं इथलं काम संपलं. पासपोर्ट अर्बाबकडे आहे. ते घरी पाठवतात की पोलिसांकडे, ते मला माहीत नाही. हे पत्र आत्ताच खाबुऱ्याच्या पोस्टात टाकतो. पोचेल तेव्हा अठरा तारीख होऊन गेलेली असेल. काही घडलं असेल तर तुमच्या कानावर आलं असेल. काहीच कानावर आलं नसेल, तर बाईंनी कागद वाचला असं समजा.

तुमच्याकडे क्षमा मागत नाही. तुम्ही चहा घेऊन याल, याचीच मला भीती वाटते.

हे पत्र जपून ठेवा. ओमप्रकाशच्या बायकोला वाचून दाखवा. कारखान्याच्या गेटवर कुणी मागितलं तर दाखवा, पण हातातून सोडू नका.

उर्वी, हे तूच वाचते आहेस. रामकृष्ण तुझा आजोबा. मधे थांबली असशील तर पहिल्या ओळीपासून परत वाच. आजीला कमी ऐकू येतं, मोठ्याने वाच. दार उघडं असेल तर उघडंच राहू दे.

खाली सही करतो. रजिस्टरात आहे तीच. ताडून पाहता येईल.

दयानंद गोविंद शेलार
बॉयलर फिटर, इंजिन नंबर तीन