दुसरी बाही

४ मार्च, सोमवार

आज गाडी पुन्हा मध्येच थांबली. आमच्या स्टेशनचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं आणि तिथेच थांबली! बाबा. गाडीखाली बाबाच.

काही नव्हतं. शेजारी दुसरा रूळ टाकण्याचं काम चाललंय, म्हणून गाड्या जपून सोडतात. समोरची बाई कंटाळून जांभई देत होती. मी मात्र दांडीला घट्ट धरून उभी.

घरी आले तर बाबा, म्हणजे सासरेबुवा, स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेले. “काय गं, पांढरीफटक का पडलीस?” म्हणाले. काही नाही म्हटलं. काय सांगणार? तुम्ही मेलात असं वाटलं म्हणून?

५ मार्च, मंगळवार

झोप नाही. लिहून काढलं तर भीती कमी होते असं कुठेतरी वाचलं होतं. बघू.

आमचं घर रुळाच्या अलीकडे. बाबांचं शिवणाचं दुकान पलीकडे. दुकान आता किल्लीवाल्याला दिलंय, पण बाबांना कोण सांगणार! रोज सकाळी गळ्यात टेप अडकवून निघतात, किल्लीवाल्याच्या स्टुलावर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपड्यांना नावं ठेवतात आणि संध्याकाळी परत येतात. ऐकू कमी येतं. विसरायलाही लागलेत. जायचा यायचा रस्ता एकच – रुळालगतच्या भिंतीतलं भगदाड. अख्खं गाव तिथूनच रूळ ओलांडतं.

आजवर कुणाला काही झालं नाही. कारण रूळ एकच होता. गाडी गेली की पुढची येईपर्यंत रूळ आपला! गाडीचा शेवटचा डबा गेला रे गेला की माणसं न बघता चालू लागतात. मीसुद्धा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई होत्या, त्यांनी पहिल्यांदा हेच शिकवलं – “गाडी जाऊ दे, मग बिनधास्त चल.”

आता रूळ दोन होणार. एका गाडीच्या आडून दुसरी येणार. हे कुणाच्या डोक्यातच येत नाही का? की मीच वेडी?

७ मार्च, गुरुवार

नवऱ्याला आज सांगितलं. म्हणजे सचिवाला. प्रवासी संघटनेचा सचिव आहे, गावात सगळे तशीच हाक मारतात, आता मीही मारते. दुसरा रूळ हे त्याचं लेकरू. किती वर्षं अर्ज, शिष्टमंडळं, साहेबांच्या दारात ताटकळणं. मोर्चात पावसात भिजून तापाने फणफणला होता. त्याच्यामुळे काम मंजूर झालं असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही.

तो हसला. “अगं भित्री भागूबाई, पूल होतोय की! पूल झाला की भगदाड बंद. सगळं कागदावर आहे.”

पूल कागदावरून खाली कधी उतरणार विचारलं, तर हातातला घास ताटात ठेवून उठला. घरात विरोधी पक्ष नको असतो त्याला.

११ मार्च, सोमवार

नव्या रुळावर आज चाचणीची गाडी धावली. विजेची. आवाज असा नाहीच, नुसती सुसाट हवा. सगळं गाव भिंतीवर चढून बघत होतं.

किल्लीवाल्याचा कुत्रा गेला.

तो म्हातारा कुत्रा माणसांबरोबर रूळ ओलांडायचा. जुन्या रुळावरून नेहमीची गाडी गेली, शेवटचा डबा गेला, आणि तो उठून शेपटी हलवत निघाला. आमच्याकडूनच शिकला होता ना! पलीकडून नवी गाडी आली. कुणाला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

किल्लीवाला तिथेच मटकन बसला. बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

सचिव रात्री म्हणाला, “वाईट झालं. पण कुत्रं होतं गं.”

१२ मार्च, मंगळवार

बाबांची शिकवणी सुरू केली.

“बाबा, गाडी गेली. आता काय करायचं?”

“चालायचं.”

“नाही! थांबायचं. दुसरी येते का बघायचं.”

“कसली दुसरी?”

पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा. शेवटी चिडले – “मी माणसांना कोट शिवून दिलेत, तू मला चालायला शिकवतेस?” आणि टेप गळ्यात टाकून खोलीत गेले.

१५ मार्च, शुक्रवार

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात आज एक आजोबा नंबर तपासायला आले. दर वर्षी येतात. तक्ता घडाघडा वाचला, अगदी खालची बारीक ओळसुद्धा! मला शंका आली. तक्ता बदलला, तर मोठं अक्षरही धड दिसेना. त्यांना जुना तक्ता पाठ होता. आणि गंमत म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच दिसतंय असं वाटत होतं.

येताना गाडीभर तेच डोक्यात. गावाला रूळ पाठ झालाय. बघत कोणीच नाही.

१७ मार्च, रविवार

जमलं!! बाबांना भगदाडापाशी घेऊन गेले. गाडी गेली, लगेच पाऊल उचललं त्यांनी. मी दंड धरला. वैतागून म्हणाले, “अगं, गेली ना!” आणि मला एकदम सुचलं.

“बाबा, कोटाला बाह्या किती?”

“दोन. हा काय प्रश्न झाला?”

“एक लावून गिऱ्हाइकाला कोट द्याल?”

“जोडे खाईन.”

“मग ही गेली ती एक बाही. दुसरी कुठाय?”

म्हातारा हसला. इतकं हसला की खोकला आला. मग मान वळवून, डोळ्यांवर हात धरून, दोन्ही बाजूंनी नीट रूळ पाहिला, जणू कापडाचा पोत बघतोय. “दुसरी बाही नाही. चला,” म्हणाले. तीनदा केलं. तीनही वेळा न सांगता!

तेवढ्यात सचिव पलीकडून आला. कानाला फोन, कुणाला तरी उद्घाटनाचं सांगत होता. गाडी जाताक्षणी खडीवरून उड्या मारत आमच्यापाशी. “काय चाललंय? शाळा?” बाबांनी त्याला बाहीचं सांगितलं. तो म्हणाला, “छान! ह्याची पाटी लावू.” आणि पुन्हा फोन.

२० मार्च, बुधवार

भगदाड आत्ताच बुजवून घे म्हणून सचिवाच्या मागे लागले. पूल अर्धवट आहे – आमच्या बाजूचा जिनाच नाही. तो म्हणाला, “तोवर लोकांनी उडत जायचं? आजच भिंत घातली तर माझ्या नावाने बोंब मारतील. जिना होऊ दे, मी स्वतः उभा राहून विटा लावून घेतो. शब्द देतो.”

पाटी मात्र लागली. रूळ ओलांडू नये. मजकूर सचिवाचा. पाटीला टेकून लोक गाडी जायची वाट बघतात.

२५ मार्च, सोमवार

उद्घाटन झालं. फीत, भाषणं, टाळ्या. सचिवाला मंचावर बोलावलं तेव्हा तो रुमालाने डोळे पुसत उभा राहिला. दोन वाक्यांत खाली उतरला. मी खूप टाळ्या वाजवल्या. अभिमान वाटला, का नाही वाटणार!

आणि खरं सांगायचं तर नवी गाडी सुरेख आहे. बसायला जागा मिळाली. खिडकी स्वच्छ. घरी लवकर पोचले, ऊन होतं अजून. असं ऊन असताना घरी येणं किती वर्षांत झालं नव्हतं.

पण शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी जाते ना, तेव्हा धप्पकन हवा आदळते, खिडकी काळी होते आणि मी डोळे मिटून घेते. दर वेळी. दुसरी बाही. दुसरी बाही.

२९ मार्च, शुक्रवार

किल्लीवाल्याचा फोन दुकानात आला. “ताई, काका आज न सांगताच निघाले. मी किल्ली घासत होतो, बघतो तर स्टूल रिकामं.”

एका बाईचा एक डोळा झाकून ठेवला होता मी. तशीच सोडून बाहेर आले. घरचा फोन कोणी उचलेना. पुन्हा. पुन्हा. मनातल्या मनात मी त्यांना जाळूनसुद्धा आले. मग फोन उचलला गेला – “कोण? मोठ्याने बोला!”

फुटपाथवर बसून रडले. ते म्हणाले, “अगं, बाही बघून आलो मी. रडतेस काय?”

आत गेले तर बाई अजून डोळा झाकूनच बसलेली.

१ एप्रिल, सोमवार

आज वाईट वागले. सकाळी निघताना बाहेरून कडी घातली. डबा टेबलावर ठेवला, पाणी ठेवलं आणि कडी घातली. दिवसभर किती हलकं वाटलं! गाडी दोनदा मध्येच थांबली, मला काही झालं नाही.

घरी आले तर बाबा खिडकीपाशी. बूट घातलेले, टेप गळ्यात. डबा तसाच. “दार अडकलंय बहुतेक,” म्हणाले. “मी हाका मारल्या.” त्यांना कळलं होतं. कळूनही माझी बाजू सांभाळून घेत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सचिव भडकला. “माझ्या बापाला कोंडून ठेवतेस?” मीही ओरडले, तू बघ मग, तुझा रूळ, तुझा बाप! मग तोच म्हणाला, आवाज खाली आणून, “मी नेतो त्यांना. सकाळी सोडतो, संध्याकाळी घेऊन येतो. जिना होईपर्यंत रोज. हात धरून. झालं समाधान?”

हो म्हटलं. झालं.

४ एप्रिल, गुरुवार

गाडीत डुलकी लागली! स्टेशन निघून गेलं असतं. शेजारणीने हलवून उठवलं.

७ एप्रिल, रविवार

आज खिडकीतून दोघांना येताना पाहिलं. सचिवाने बाबांचा हात धरलेला, बाबा काहीतरी सांगताहेत, तो चक्क हसतोय. बापलेक असे बोलताना मी पाहिलेच नव्हते. बाबा येऊन तक्रार करतात – “ह्याला फार घाई असते. बाही बघू देत नाही.” मी म्हटलं, तुम्ही बघा हो, त्याला राहू दे. हात धरलाय ना त्याने, पुरे.

जिन्याचं लोखंड येऊन पडलंय. पुढच्या आठवड्यात बसवतील.

भीती कमी झालीय. लिहायलाही फारसं काही नाही.

१० एप्रिल, बुधवार

गाडीत लिहितेय. गाडी थांबलीय. छप्पर दिसतंय. शेजारच्या रुळावरची गाडीही थांबलीय, उलट तोंडाने, आमच्या थोडी पुढे. ती कधी थांबत नाही.

माणसं दारातून वाकून बघताहेत. कुणीतरी म्हणालं, भगदाडापाशी. कुणीतरी म्हणालं, म्हातारं माणूस आहे तिथे.

सचिवाला फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. बोलत असेल कुणाशी. नेहमीचंच.

बाबा आहेत. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नाही, पण बाबांबरोबर हा आहे. हात धरलेला असतो. हा बरोबर आहे म्हणजे काही नाही. काही नाही. पुन्हा लावते फोन.

१६ एप्रिल, मंगळवार

बाबा थांबले होते. गाडी गेली, ते म्हणाले, थांब, दुसरी बाही बघू दे. ह्याचा फोन वाजला. ह्याने बाबांचा हात सोडला, “या तुम्ही सावकाश” म्हणाला आणि पुढे झाला. पलीकडून दुसरी आली.

ह्याला मी कधी शिकवलंच नाही.

आज भगदाड बुजवलं. बाबा टेप गळ्यात घालून खिडकीपाशी बसले होते. मला बोलावून हळूच विचारलं, “मी बरोबर थांबलो ना गं?”

हो बाबा, म्हटलं. बरोबर थांबलात.