प्लाऊ म्हणजे वखर

प्रिय यमू,

हे पत्र आहे, मेसेज नाही. कागदावर, पेनानं लिहिलेलं, पोस्टाचं तिकीट लावलेलं. तुझ्या फोनवर माझा विश्वास उरलेला नाही. तो फोन कुणाच्या हातात असतो, ही शंका महिनाभर मला कुरतडत होती, आणि शंका पोटात ठेवून गप्प बसायची मला सवय नाही हे तुला माहीत आहे.

सक्करदऱ्याला सगळं ठीक. तलावाकाठी सकाळी फिरायला जाते, गुडघा कुरकुरतो, मी त्याच्यावर ओरडते. परवा वाडीला आपल्या जुन्या शाळेकडे जाऊन आले. वाडी आता ओळखू येत नाही, गोदामांना गोदामं लागलीत. पण नाक्यावर ट्रक तसेच अडतात. याच नाक्यावर आपली सीताबर्डीची बस तासतासभर उभी राहायची, म्हणून तू खेळ काढलास. समोरच्या ट्रकवर रंगवलेली कुठलीही दोन अक्षरं घ्यायची, ती शेजारी-शेजारी येतील असे पाच इंग्रजी शब्द सांगायचे, आणि प्रत्येकाचा मराठी अर्थ. तू इंग्रजीची बाई, मी मराठीची. व्यासपीठावर इंग्रजी माध्यमाला झोडपणारी ही पंचफुला जे काही इंग्रजी शिकली ते त्या बसमध्ये, तुझ्याकडून. हे मी आजवर एकाही सभेत कबूल केलेलं नाही.

एकदा जी आणि एच आले. मी चिडले होते, की ही कसली लबाड भाषा, अक्षरं लिहायची आणि उच्चारायची नाहीत, नाहीतर मनाला येईल तेव्हा त्यांचा फ करायचा. तू शांतपणे बोटं मोजलीस. कफ म्हणजे खोकला. टफ म्हणजे चिवट. इनफ म्हणजे पुरे. लाफ म्हणजे हसणं. आणि प्लाऊ म्हणजे वखर. मी सीटवरून उठलेच. “वखर? अवं महालातल्या शहरी बाई, नांगर म्हण, नांगर! नांगर जमीन फाडते, वखर नुसतं वरून खरवडते!” तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, “मले काय करायचं वं? माह्या बापाच्या अंगणात दोन्ही नव्हते.” कंडक्टर तिकिटं फाडायचं विसरून हसत होता. मी शेतकऱ्याची पोर, मला ते इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन्ही अवजारं काढून तुला फरक समजावला. तुला समजला. आणि त्या दिवसापासून तीस वर्षं, जेव्हा जेव्हा जी-एच आले, तेव्हा तेव्हा तू मुद्दाम वखरच सांगितलंस. तू लेकाकडे, अनंतकडे पुण्याला गेल्यावर खेळ फोनवर आला, तरी वखर वखरच राहिलं. मी चिडून फोन करायचे आणि तू उचलल्या उचलल्या हसायचीस. त्या हसण्यासाठीच मी अधूनमधून जी-एच पाठवायचे, हेही आज सांगून टाकते.

गेल्या महिन्यात मी सकाळी जी-एच पाठवले. दहा वाजता उत्तर आलं. पाच शब्द, पाच अर्थ, प्रत्येकापुढे पूर्णविराम. प्लाऊ म्हणजे नांगर.

उत्तर बरोबर होतं आणि माझ्या हातातला चहा थंड झाला. मग मागची उत्तरं काढून पाहिली. हिवाळ्यापासून एकही टोमणा नाही. एकही ‘काहून वं’ नाही. ‘स्टबर्न’चा अर्थ तू नेहमी ‘पंचफुला’ असा लिहायचीस, तिथे ‘हट्टी’. फोन केला तर सूनबाई, “आई आंघोळीला गेल्यात.” दुपारी केला, “आई झोपल्यात.” दुसऱ्या दिवशी पुन्हा आंघोळ. मी भैरवीला म्हटलं, तुझी सासू मगर आहे का, दिवसभर पाण्यात राहायला? तिनं घाईनं फोन ठेवला. त्या फोन ठेवण्यावरून मी काय काय रचलं असेल! सुनेनं म्हातारीचा फोन काढून घेतला. नाही, सून साधी आहे, यमूच रुसली. नोव्हेंबरात मी सभेत म्हणाले होते, पोटच्या पोरांना परक्या भाषेत रडायला लावणारे आईबाप मला कळत नाहीत, आणि शिकवणारे त्याहून कळत नाहीत. कुणीतरी ते तुला पाठवलं असणार. तू एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंस. तुला ते लागलं, म्हणून तू मला सुनेकरवी कोरडी उत्तरं पाठवतेस, असं मी पक्कं ठरवलं आणि अक्षरं पाठवणं बंद केलं. अकरा दिवस. म्हटलं, येऊ दे तिलाच फोन करायला.

काल अनंत ऑफिसातल्या कुणाच्या लग्नाला इथे आला होता. मी त्याला घरी बोलावलं, पोहे समोर ठेवले आणि साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं. तो खाली बघून म्हणाला, “मावशी, आई बोलत नाही आता. डिसेंबरात अर्धांगाचा झटका आला. उजवा हातही गेला. समजते सारं. तुले कळवू का म्हणलं तर डाव्या हातानं नाही-नाही करून राहिली.” मी पाठवलेली अक्षरं भैरवी तुला रोज वाचून दाखवते, शब्द शोधते, पाठवते; मला संशय येऊ नये म्हणून. नांगर लिहिलं त्या दिवशी तू म्हणे पलंगावर हात आपटत होतीस, आणि त्या पोरीला कळेना, बरोबर उत्तरात चुकलं काय. यमू, तू तिथे हात आपटत होतीस आणि मी इथे तुला धडा शिकवत होते. माफी मागायला शब्द आहेत माझ्याकडे, पण ते सभेतले आहेत, त्यांचा उपयोग नाही. भैरवी, हे पत्र तूच वाचून दाखवत असशील. पोरी, तुला मी जे बोलले त्याबद्दल तू माझ्याशी तोंडावर भांड. मी शुक्रवारच्या गाडीनं निघते आहे, महिनाभर राहीन. हे ऐकून तिनं डाव्या हातानं नाही-नाही केलं, तर मला कळवू नकोस.

तुझीच,
पंचफुला